दुसऱ्या बाजूची प्रार्थना

४ ऑगस्ट

आदरणीय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या वर्षी आईंच्या दफनविधीनंतर आठ दिवसांनी तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "यापुढे जे काही असेल ते लिहून कळवा," आणि फोन आपटला होतात. मी आज्ञाधारक भावजय आहे, म्हणून लिहून कळवते. उशीर झाला असेल तर माफ करा. मधले दहा महिने कळवण्यासारखं काही घडलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्ही विचारलं नसलंत तरी.

तुमचे बंधू नेहमीप्रमाणे लोकांची घड्याळं दुरुस्त करतात. घरात सध्या एक्केचाळीस घड्याळं आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे आमच्याकडे दिवसातून बऱ्याच वेळा बारा वाजतात. मी तुम्हाला पत्र लिहिते आहे असं सांगितलं, तर ते "बरं" म्हणाले आणि डोळ्याला भिंग लावून बसले. आपल्या दोघींचा विषय निघाला की त्यांना एकदम फार बारीक काम आठवतं.

मुद्दा मिरीचा आहे. तुमची भाची आता सात वर्षांची झाली. बाकीच्या मुली बाहुल्यांशी खेळतात, ही कणकेशी खेळते. कांदा चिरण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करते. मी म्हटलं, "अगं, कांद्यासाठी कसली प्रार्थना?" तर म्हणाली, "कांद्यासाठी नाही, डोळ्यांसाठी." परवा सूप खारट झालं, तेव्हा तिने देवाची क्षमा मागितली. आमची मागितली नाही, आम्ही फक्त प्यायलो. संडे स्कूलमध्ये पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं, काही शंका? हिने हात वर केला आणि विचारलं, "मासे साफ कोणी केले?"

येत्या २८ सप्टेंबरला आईंना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी रविवार आहे. पाळकसाहेबांची इच्छा आहे की त्या दिवशी प्रभुभोजनाला आई करायच्या तशीच भाकर असावी, बोटभर जाडीची, तव्यावर झाकण ठेवून भाजलेली. आई गेल्यापासून चर्चमध्ये बेकरीचा पाव वापरतात आणि तो तोंडात घालताना पाळकीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो. मिरीने भर उपासनेत उभं राहून जाहीर केलं की आजीची भाकर मी करणार. झालं, आता माघार नाही.

आजवर तिने अकरा भाकरी केल्या. पहिली बाजू सुरेख, दुसरी बाजू कच्ची. अकराच्या अकरा. काहीतरी घालायचं राहतंय, वहीत बघायला हवं, असं तिचं म्हणणं. आईंची पाककृतींची वही कुठे आहे हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? दफनविधीच्या दिवशी ती तुमच्या पर्समध्ये गेली होती. तेवढं एक पान उतरवून पाठवाल का? अकरावी भाकर कच्ची निघाली तेव्हा पोरगी टेबलाखाली जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी माझ्यावर रागावलीये." म्हणून लिहिते आहे. नाहीतर तुम्हाला तसदी दिली नसती.

तुमची,
भावजय

१२ ऑगस्ट

श्रीमती वहिनीसाहेब,

सलाम.

पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे. दाताच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणता, पण तुम्ही स्वतःचं इतकं सविस्तर उघडाल असं वाटलं नव्हतं.

वही माझ्या पर्समध्ये "गेली" असं लिहिता. गेली नाही, मी घेतली. आईची शेवटच्या आठ महिन्यांची दुखणी, तिचा चष्मा, तिची खुर्ची, तिचे शेवटचे शब्द, हे सगळं तुम्ही ठेवून घेतलंत. मी एक वही घेतली, तीही तेलकट डागांची. ती आजारी आहे हे मला कळवलंत तेव्हा तिचं बोलणं बंद झालं होतं. मी पोचले तर ती छताकडे बघत होती. तेव्हा वहीचा हिशेब कृपा करून मांडू नका.

मिरीबद्दल वाचून बरं वाटलं. पण मी रोज दोनशे वीस रुग्णांचा स्वयंपाक सांभाळते. त्यांतले ऐंशी बिनमिठाचे, चाळीस बिनसाखरेचे आणि उरलेले सगळे तक्रारीचे. सात वर्षांच्या मुलीने तव्याशी खेळून केलेली भाकर सबंध मंडळीने खायची, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या विश्वासाला माझा सलाम. त्यांच्या पोटांना काय वाटेल ते वेगळं.

भाकर मी करून आणीन. आईची मुलगी मी आहे. पान उतरवून पाठवायचा प्रश्नच येत नाही.

ताई

ता.क. सहज विचारते. आई दुसऱ्या बाजूने भाकर किती वेळ ठेवायची, हे तुम्ही कधी पाहिलं होतं का? घरात एवढी घड्याळं आहेत म्हणून विचारलं. मला गरज काही नाही.

२० ऑगस्ट

आदरणीय ताई,

सलाम.

गरज नसताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: पाहिलं नाही. भाकर करताना आई सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायच्या. फक्त मिरीला आत घ्यायच्या, कारण तेव्हा तिला मत द्यायची सवय नव्हती. आणि हे असं का होतं, हे तुम्हाला आठवत असेलच.

नसेल आठवत तर आठवण करून देते. आठ वर्षांपूर्वी तुम्हाला इस्पितळाच्या स्वयंपाकघराची नवी नोकरी लागली आणि नवा थर्मामीटर मिळाला. पहिल्याच सुट्टीत तुम्ही आलात, चर्चच्या स्वयंपाकघरात गेलात आणि पाळकीणबाईंच्या देखत आईंच्या भाकरीत तो थर्मामीटर खुपसलात. आकडा वाचून म्हणालात, "आई, आतून कच्ची आहे." चाळीस वर्षं त्या बाई प्रभुभोजनाची भाकर करत होत्या. त्यांना आपलाच ताप बघितल्यासारखं वाटलं असेल.

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर एकदाही तुमचं नाव घेतलं नाही. मिरीच्या बाप्तिस्म्याला तुम्ही आला नाहीत तेव्हाही नाही. आजारपणात मी दोनदा विचारलं, ताईंना कळवू का? दोन्ही वेळा "नको" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मी कळवायला हवं होतं की नव्हतं यावर तुमचं आणि माझं एकमत व्हायची शक्यता कमी आहे, तेव्हा तो विषय राहू द्या.

मिरीने सोबत चिठ्ठी घातली आहे. मी वाचलेली नाही, ती वाचू देत नाही.

भावजय

(सोबतची चिठ्ठी)

प्रिय आत्या,

सलाम. मी मिरी. आपण एकदा भेटलोय, आजीला पुरलं त्या दिवशी, तिच्या पेटीजवळ. तुमच्या हाताला दालचिनीचा वास येत होता. मला तो आवडला पण तेव्हा रडायचं होतं म्हणून सांगितलं नाही.

आई म्हणते तुम्ही वही पळवली. पळवणं पाप आहे. पण मी देवाला सांगितलंय की तुमचं स्वयंपाकघर खूप मोठं आहे, तिथे लागली असेल. त्याला पटलंय.

मी पीठ चार वाट्या घेते, मीठ, तेल, मध आणि कोमट पाणी. आजी आणखी काय घालायची ते लवकर लिहा. माझी भाकर एका बाजूने कच्ची राहते आणि येशूला कच्ची भाकर द्यायची मला लाज वाटते.

आईने सांगितलंय की या घरात तुमचं नाव काढायचं नाही. म्हणून मी चिठ्ठीत तुमचं नाव लिहिलं नाही, नुसतं आत्या लिहिलंय. एवढं चालतं असं मी ठरवलंय.

तुमची मिरी

२९ ऑगस्ट

वहिनीसाहेब,

चिठ्ठी तुम्ही वाचली नव्हती, हे चिठ्ठी वाचल्यावर पटलं. माझं नाव घरात काढायचं नाही असा नियम आहे हे कळलं. आभारी आहे. नियम पाळणारी मुलगी आहे, वळण चांगलं लावलंत.

पण तिच्या लाजेपुढे माझा हट्ट टिकला नाही. म्हणून पान उतरवून देते. तिला सांगा, तिचं सगळं बरोबर आहे. पीठ चार वाट्या, चिमूट मीठ, तेल दोन चमचे, मध एक चमचा, कोमट पाणी. जास्तीचं काहीही नाही. शेवटची ओळ आईच्या अक्षरात अशी आहे: "मंद आच, वर झाकण. एका बाजूला प्रभूची प्रार्थना एकदा. उलटून पुन्हा एकदा."

संपलं. घड्याळवाल्याच्या आईने पाककृतीत मिनिटं लिहिली नाहीत.

मी प्रार्थना म्हणून वेळ लावली. घाईत वीस सेकंद, भक्तिभावाने पस्तीस. पस्तीस सेकंदांत मंद आचेवर तवा तापत नाही. मग अंदाजाने केली. मग थर्मामीटर लावून केली. थर्मामीटरने अगदी योग्य आकडा दाखवला आणि भाकरीचा पुठ्ठा झाला. वॉर्डातल्या एका आजोबांनी चव घेतली. तुमच्या दाताच्या डॉक्टरांचा पत्ता त्यांना दिला आहे, गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल माझे आभार मानायला सांगा. गेल्या अकरा महिन्यांत मी एकूण साठ-सत्तर भाकरी केल्या, वहिनी. एकही आईची झाली नाही.

आता खरं लिहिते, कारण तोंडावर मला सांगता येणार नाही. मला वाटतं आईने ते मुद्दाम असं लिहून ठेवलं. मी वही नेणार हे तिला ठाऊक होतं. तिची भाकर मला कधीच जमू नये, हे माझ्या थर्मामीटरला तिचं उत्तर. आठ वर्षं मी तिच्या एका बोलावण्याची वाट पाहिली. एक शब्द आला असता तर रात्रीची ड्यूटी टाकून आले असते. तो आला नाही. तिने मला माफ केलं नाही आणि आता ती करूही शकत नाही. हे मी रोज दोनशे वीस ताटं वाढताना डोक्यात घेऊन फिरते.

२८ तारखेला मी येणार नाही. भाकर तुमच्या मिरीनेच करावी. त्या टेबलापाशी उभं राहायचं माझं तोंड नाही.

ताई

८ सप्टेंबर

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाचा. उभ्याने नको, आणि हातात काही गरम असेल तर खाली ठेवा.

तुमचं पान मी काल संध्याकाळी मिरीला वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकून ती म्हणाली, "हो, मग मी तेच तर करते. आजीची प्रार्थना म्हणते." मी म्हटलं, प्रभूची ना? "तीच. पण आजीसारखी." मी म्हटलं, कर बघू. ती स्टुलावर चढली, भाकर तव्यावर टाकली, झाकण ठेवलं, डोळे मिटले. मी दाराशी उभी राहिले. तुमचे बंधू भिंग काढून माझ्या मागे येऊन उभे राहिले, हातात गिऱ्हाइकाचं घड्याळ. लग्नानंतर पहिल्यांदाच ते न बोलावता स्वयंपाकघरात आले.

ताई, ती पस्तीस सेकंदांची प्रार्थना नाहीच. आई प्रत्येक ओळीनंतर थांबायच्या. मिरीला ते सगळं पाठ आहे, खोकल्यासकट. रोजची भाकर मागायची ओळ आली की गल्लीत कोणाकडे चूल पेटली नाही त्यांची नावं. क्षमेची ओळ आली की सगळं गाव. पाळकसाहेबांचा गुडघा, पाळकीणबाईंची जीभ, धाकट्याचा, म्हणजे तुमच्या बंधूंचा, भिडस्तपणा. माझ्यावर दीड मिनिट आहे. त्यात कौतुक कुठे येतं ते मी अजून शोधते आहे. बहुतेक मिठाबद्दल आहे. तुमच्या बंधूंनी वेळ सांगितली, साडेसात मिनिटं. मिरीने झाकण काढलं, भाकर उलटली. पहिली बाजू सोन्यासारखी.

मग दुसरी बाजू. पुन्हा डोळे मिटले, सरळ प्रार्थना म्हटली, आमेन, आणि उलथनं हातात. मोजून पस्तीस सेकंद.

मी विचारलं, "इथे आजी एवढंच म्हणायची?"

"नाही. ही बाजू आजीची सगळ्यात मोठी असायची."

"मग तू का नाही म्हणत?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच वेडी आहे. "तूच सांगितलंयस ना, त्यांचं नाव काढायचं नाही."

ताई, मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगितलं होतं. तुम्ही फोन आपटलात त्या दिवशी रागाने सांगितलं होतं. पोरीने ते आज्ञेसारखं पाळलं, देवासमोरसुद्धा. मी म्हटलं, आता काढ नाव. आजी म्हणायची तसंच म्हण, एक अक्षर गाळू नकोस. तिने भाकर पुन्हा तव्यावर ठेवली. मी नंतर तिला विचारून विचारून लिहून घेतलं. असं आहे:

"प्रभो, ही बाजू माझ्या मोठीची. तिला सांभाळ. ती हट्टी आहे, माझ्यावर गेलीये, तेव्हा दोष तिला लावू नकोस. ती एवढ्या लोकांना जेवू घालते, ती स्वतः जेवते का ते बघ. तिच्या पायाला सूज येते. तिला म्हणावं, बस जरा. प्रभो, भाकर कच्चीच होती. तिचं बरोबर होतं. मी घाईने उतरवायचे. आता तिच्या नावाने थांबते तर नीट भाजते. मला तिला हे सांगता येत नाही, जीभ वळत नाही. बोलावलं आणि ती आली नाही तर मला सोसणार नाही. म्हणून तूच सांग. तुला वेळ झाला की सांग."

याच्या मध्ये बऱ्याच जागा आहेत. तिथे आजी नुसती गप्प राहायची, असं मिरी सांगते. ती पण तेवढीच गप्प राहिली. तुमच्या लहानपणाच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या तुमच्या तुम्ही ऐका, मला लिहवत नाहीत. शेवटी आमेन झालं. मिरीने भाकर काढली आणि मोडून बघितली. दोन्ही बाजू भाजलेल्या.

वेळ किती लागला ते कळलं नाही. तुमचे बंधू घड्याळ बघायचं विसरले होते. ते दाराला टेकून रडत होते आणि गिऱ्हाइकाचं घड्याळ त्यांच्या हातात टिकटिक करत होतं.

"वेळ झाला की सांग" म्हणाल्या होत्या. देवाला वेळ झाला, पण मध्ये मी उभी होते. आई "नको" म्हणाल्या तेव्हाही मी मनातून ऐकलं नव्हतं, सोयीचं होतं म्हणून ऐकलं. मला माफ करा. हे लिहून कळवते आहे कारण तुम्ही तसं सांगितलं होतं, पण समोर बसूनही म्हणेन.

वही तुमचीच आहे, आम्हाला नको. तुम्ही या.

तुमची,
भावजय

१७ सप्टेंबर

अगं,

तू सांगितलंस तसं बसून वाचलं. इस्पितळात बसायला जागा एकच, बटाट्याच्या पोत्यांमागे. तिथे अर्धा तास होते. मदतनीस बाई शोधत आली आणि म्हणाली, "काय हो, डोळे का लाल?" मी म्हटलं, कांदा. ती म्हणाली, इथे तर बटाटे आहेत. माणसं हल्ली फार चौकस झाली आहेत.

आईला माझ्या पायाची सूज कशी कळली? मी कोणाला सांगितली नव्हती. चर्चमध्ये त्या दिवशी चपला बदलल्या होत्या, तेवढंच. थर्मामीटर बघायच्या आधी तिने माझे पाय बघितले होते. आणि मी आकडा वाचत होते.

तुझ्यावर रागवायचं मी बरेच दिवस ठरवून ठेवलं होतं. तयारीही चांगली झाली होती. ती सगळी वाया घालवलीस.

परवा भाकर केली. पहिल्या बाजूला आईसारखी म्हटली, ओळीओळीला थांबून. बिनमिठाचे ऐंशी, बिनसाखरेचे चाळीस, तक्रारीचे सगळे, वॉर्डातल्या आजोबांची दाढ. साडेसात मिनिटं बरोबर भरली. मग उलटली आणि अडले. दुसरी बाजू आईने माझ्यावर भाजली होती, मी स्वतःवरच कशी भाजू? कोणाचं तरी नाव घेणं भाग होतं. जिच्याशी आपलं पटत नाही तीच नेमकी लागते, हे आता माझ्या लक्षात आलं होतं. मग तुझं घेतलं.

आई माझ्यासाठी किती वेळ थांबायची ते कोणालाच माहीत नाही, पण तुझ्यासाठी मला चौदा मिनिटं लागली. सांगण्यासारखं बरंच निघालं. तू आईला आठ महिने उचललंस, पुसलंस, भरवलंस, आणि मी त्याबद्दल एकदाही एक शब्द म्हटला नव्हता, हे मधेच कुठेतरी आलं आणि तिथे मला फार वेळ थांबावं लागलं. भाकर करपली. खाल्ली मी तशीच, सगळी, पोत्यांमागे बसून.

शनिवारी, २७ तारखेला, सकाळच्या गाडीने येते. वही आणते. ती स्टुलाजवळच्या फळीवर राहील, कोणाच्या पर्समध्ये नाही. थर्मामीटर आणत नाही. धाकट्याला म्हणावं, स्टेशनवर वेळेवर ये. एक्केचाळीसांपैकी कुठल्या घड्याळाप्रमाणे, ते त्याचं त्याने ठरवावं.

मिरीला सांग, कणीक तिनेच मळायची, पहिली बाजूही तिचीच. मी तिच्या बाजूला गप्प उभी राहीन, मत देणार नाही. भाकर उलटली की ती आजीचं म्हणेल तेव्हा मला ते एकदा पुरतं ऐकायचंय, खोकल्यासकट.

आणि तू बाहेर दाराशी उभी राहू नकोस. आत ये.

तुझी,
मोठी